आगमनकाळातील नम्रता आणि प्रतीक्षा

आगमनकाळ (लॅटिन: आद्वेंतुस, इंग्रजीतील रूढ नाव: अ‍ॅडव्हेंट) हा ख्रिस्ती उपासना वर्षातील नाताळापूर्वीचा सुमारे चार आठवड्यांचा काळ होय. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत याच काळाने नव्या उपासना वर्षाचा आरंभ होतो. येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाची तयारी आणि युगान्ती होणाऱ्या त्याच्या पुनरागमनाची अपेक्षा असे या काळाचे दुहेरी स्वरूप आहे. नम्रता आणि आशापूर्ण प्रतीक्षा ही या काळाची दोन प्रमुख मूल्ये मानली जातात. ख्रिस्ती धर्मचिंतनात ही मूल्ये परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत. जे स्वतःच्या बळावर घडवून आणता येत नाही, त्याचीच वाट पाहावी लागते. आपल्या बळाची ही मर्यादा मान्य करणे हा नम्रतेचा आरंभ होय. शिवाय ज्याची वाट पाहायची तोही वैभवाने न येता एका निराधार बालकाच्या रूपाने येतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

## नाव आणि अर्थ

‘आद्वेंतुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आगमन’ असा आहे. रोमन साम्राज्यात हा शब्द राजकीय व्यवहारातही वापरला जाई. सम्राट एखाद्या नगरात समारंभपूर्वक प्रवेश करी तेव्हा नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याचे स्वागत करीत आणि या प्रसंगाची स्मृती म्हणून ‘आद्वेंतुस’ हा शब्द कोरलेली नाणीही पाडली जात. सम्राट हेड्रियन याच्या प्रवासांची अशी नाणी प्रसिद्ध आहेत. नव्या करारातील ‘पारुसिया’ या ग्रीक शब्दालाही अशीच पार्श्वभूमी होती. लॅटिन बायबलात ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी ‘आद्वेंतुस’ हा शब्द आला आणि पुढे तो या काळाचे नाव म्हणून रूढ झाला.

सम्राटाच्या स्वागतासाठी असलेला शब्द गव्हाणीत निजविलेल्या बालकासाठी वापरला जावा, यातील विरोध लक्षणीय आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचा उतारा वाचण्याची जुनी प्रथा ल्यूथरन आणि अँग्लिकन परंपरेत आढळते. त्या प्रसंगात येशू युद्धाच्या घोड्यावर नव्हे, तर गाढवाच्या शिंगरावर बसून नगरात येतो. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथातील नम्र राजाच्या भाकिताशी (९:९) मत्तयाने या प्रसंगाचा संबंध जोडला आहे. नाताळाची चाहूल लागत असतानाच हा उतारा वाचला जात असल्यामुळे, येणारा राजा कोणत्या प्रकारचा आहे हे उपासकांना आरंभीच कळते.

नम्रतेसाठी असलेला ‘हुमिलितास’ हा लॅटिन शब्द ‘हुमुस’ म्हणजे माती या शब्दाशी संबंधित आहे. मराठीतील ‘नम्र’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वाकणे या संस्कृत धातूपासून आला आहे. ‘प्रतीक्षा’ या शब्दात एखाद्या दिशेने पाहत राहण्याचा अर्थ आहे, तर ‘वाट पाहणे’ या मराठी वाक्प्रचारात येणाऱ्याच्या मार्गाकडे लागलेली दृष्टी अभिप्रेत आहे. यशयाच्या ग्रंथाच्या ४० व्या अध्यायात अरण्यात परमेश्वरासाठी मार्ग सिद्ध करण्याची हाक येते. हा उतारा आगमनकाळात आवर्जून वाचला जातो. तेथे वाट केवळ पाहायची नसून ती तयारही करायची आहे.

## कालगणना

आगमनकाळाचा पहिला रविवार हा नाताळापूर्वीचा चौथा रविवार असतो. संत आंद्रिया याच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळचा असलेला रविवार तोच होय. त्यामुळे हा काळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांपैकी एखाद्या दिवशी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो. त्याची लांबी किमान २२ आणि कमाल २८ दिवस असते.

रोमन कॅथलिक परंपरेत या काळाचे दोन भाग मानतात. १६ डिसेंबरपर्यंत ख्रिस्ताच्या पुनरागमनावर भर असतो. १७ ते २४ डिसेंबर या दिवसांत बेथलेहेम येथील जन्माची प्रत्यक्ष तयारी सुरू होते. १९६९ मध्ये लागू झालेल्या वाचनक्रमानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. चारही रविवारांचे मुख्य विषय मात्र स्थिर आहेत:

- पहिला रविवार: जागृत राहणे आणि प्रभूचे पुनरागमन
- दुसरा रविवार: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची हाक
- तिसरा रविवार: योहानाची साक्ष, या दिवसाला ‘गाउदेते’ म्हणजे ‘आनंद करा’ असे नाव आहे
- चौथा रविवार: जन्मापूर्वीच्या घटना; चक्राच्या तीन वर्षांत अनुक्रमे योसेफाचे स्वप्न, मरियेला देवदूताने दिलेला संदेश आणि मरिया व अलीशिबा यांची भेट

## इतिहास

आगमनकाळाचा उगम एकाच ठिकाणी झाला नाही. स्पेनमधील सारागोसा येथे इ.स. ३८० मध्ये भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळात भाविकांनी चर्चमध्ये अनुपस्थित राहू नये, असा नियम केला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तूर येथील बिशप पर्पेतुअस याने संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याची पद्धत घालून दिली. सहाव्या शतकात गॉलमधील मासों येथील धर्मसभेने या उपवासाला व्यापक मान्यता दिली. हा काळ ‘संत मार्टिनचा प्रायश्चित्तकाळ’ म्हणून ओळखला जाई.

रोममध्ये मात्र आनंदमय अपेक्षेवर भर होता. पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) यांच्या काळानंतर चार रविवारांची पद्धत हळूहळू स्थिरावली. पुढे गॉलमधील प्रायश्चित्ताचा आणि रोममधील अपेक्षेचा असे दोन्ही प्रवाह एकत्र आले. म्हणूनच या काळात उपासनेची वस्त्रे जांभळी असतात आणि ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत एरवी गाळले जाते, पण इस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात वर्ज्य असलेला ‘हालेलुया’चा घोष येथे चालू राहतो. मिलान येथील अँब्रोझियन परंपरेत आजही सहा रविवारांचा आगमनकाळ पाळला जातो. १९६९ च्या कॅथलिक नियमावलीने हा काळ भक्तिपूर्ण आणि आनंदमय अपेक्षेचा असल्याचे स्पष्ट केले.

## बायबलमधील आधार

### इस्राएलची प्रतीक्षा

आगमनकाळातील अनेक वाचने यशयाच्या ग्रंथातून घेतलेली असतात. त्यांपैकी काही भागांमागे बाबिलोनमधील हद्दपारीचा अनुभव आहे. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी यरुशलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त झाले व यहुदी समाजाचा मोठा भाग परक्या भूमीत नेला गेला. राज्य, मंदिर आणि भूमी हे तिन्ही आधार तुटल्यानंतर प्रतीक्षा हीच त्यांच्या श्रद्धेची मुख्य खूण ठरली. १३० व्या स्तोत्रात या मनोवस्थेसाठी पहारेकऱ्याची प्रतिमा आली आहे. पहाट लवकर आणणे त्याच्या हाती नसते, मात्र ती येणार याविषयी त्याला शंका नसते.

याच अनुभवाशी ‘अनावीम’ या हिब्रू शब्दाचा संबंध जोडला जातो. आरंभी गरीब, पिडलेले, वाकविले गेलेले असा अर्थ असलेल्या या शब्दाला पुढे परमेश्वरावर विसंबून राहणारे नम्र लोक असा आध्यात्मिक अर्थ प्राप्त झाला. सफन्या संदेष्ट्याच्या ग्रंथात अशा दीन आणि नम्र अवशिष्ट लोकांचा उल्लेख आहे. मरिया, योसेफ, जखऱ्या, अलीशिबा, शिमोन आणि हन्ना या लूकच्या शुभवर्तमानातील व्यक्ती याच परंपरेतील मानल्या जातात.

### जखऱ्या आणि अलीशिबा

लूकच्या कथनाचा आरंभ वृद्ध याजक जखऱ्या याच्यापासून होतो. हा याजक पूर्वोक्त संदेष्ट्याहून वेगळा आहे. अनेक वर्षे अपत्याची वाट पाहिलेल्या या दांपत्याला पुत्र होईल असे देवदूत सांगतो, तेव्हा जखऱ्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा बंद होते. मुलाचे नाव ‘योहान’ असे पाटीवर लिहून देईपर्यंत तो मुका राहतो. उपासनेचे शब्द ज्याच्या मुखी नित्य असत, त्या याजकाला काही महिने शब्दांवाचून राहावे लागते. आगमनकाळातील मौनाचे महत्त्व सांगताना हा प्रसंग अनेकदा उद्‌धृत केला जातो.

### बाप्तिस्मा करणारा योहान

योहान हा आगमनकाळातील मध्यवर्ती व्यक्तींपैकी एक आहे. लोक त्याच्याकडे मोठ्या संख्येने येत असताना तो स्वतःला ख्रिस्त म्हणवून घेत नाही. येणाऱ्याच्या वहाणेचा बंद सोडण्याचीही आपली योग्यता नाही, असे तो सांगतो. त्याची नम्रता भिडस्त नाही. तो सत्ताधीशांना खडसावतो आणि त्यामुळे तुरुंगात जातो. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जमाव, जकातदार आणि शिपाई त्याला ‘आम्ही काय करावे’ असे विचारतात. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, ठरल्याहून अधिक वसूल करू नये, कोणाला धाक घालून पैसे उकळू नयेत, अशी त्याची उत्तरे आहेत. प्रतीक्षेचे रूपांतर येथे दैनंदिन न्यायात होते.

मत्तयाच्या ११ व्या अध्यायात योहान तुरुंगातून आपल्या शिष्यांमार्फत येशूला विचारतो, की येणारा तो तूच आहेस की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने इतरांना वाट दाखविली त्याच्याच मनात हा प्रश्न उभा राहतो. येशू त्याला दोष देत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात आणि गरिबांना शुभवर्तमान सांगितले जाते, या घडणाऱ्या गोष्टींकडे तो बोट दाखवितो. हा उतारा आनंदाच्या म्हणविल्या जाणाऱ्या तिसऱ्या रविवारी तीन वर्षांतून एकदा वाचला जातो. आशेमध्ये शंकेलाही जागा असल्याचे त्यातून सूचित होते.

### मरिया आणि योसेफ

नासरेथ हे गालील प्रांतातील लहानसे गाव होते. तेथील मरिया या तरुणीला गब्रीएल देवदूताचा संदेश मिळतो, तेव्हा ती प्रथम प्रश्न विचारते आणि नंतर संमती देते. त्यानंतर ती यहूदीयाच्या डोंगराळ प्रदेशात अलीशिबेच्या भेटीस जाते. तेथे तिने गायिलेले स्तोत्र (लूक १:४६–५५) लॅटिनमधील पहिल्या शब्दावरून ‘माग्निफिकात’ या नावाने ओळखले जाते आणि पाश्चात्त्य परंपरेतील सायंप्रार्थनेत ते रोज म्हटले जाते. मरियेच्या दीनावस्थेकडे परमेश्वराने पाहिले, या कृतज्ञतेने त्याचा आरंभ होतो. पुढे अधिपतींना आसनावरून उतरविणारा आणि भुकेल्यांना तृप्त करणारा परमेश्वर त्यात वर्णिला आहे.

योसेफाच्या तोंडी शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही. स्वप्नात मिळालेल्या आज्ञेप्रमाणे तो कृती करतो, एवढेच मत्तय सांगतो.

### शेतकऱ्याचे उदाहरण

याकोबाच्या पत्रात (५:७–१०) धीर धरण्यासाठी शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. पॅलेस्टाइनमध्ये शरद ऋतूतील पहिल्या पावसावर पेरणी आणि वसंतातील शेवटच्या पावसावर दाणा भरणे अवलंबून असे. शेतकरी नांगरतो, पेरतो, राखण करतो; पाऊस मात्र पाडू शकत नाही. माणसाचे श्रम आणि माणसाच्या हाती नसलेले दान हे दोन्ही या एकाच उदाहरणात आले असल्यामुळे आगमनकाळातील प्रतीक्षेचे स्वरूप त्यातून नेमके व्यक्त होते.

## धर्मचिंतनातील विवेचन

### तीन आगमने

फ्रान्समधील क्लेर्वो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड (१०९०–११५३) यांनी ख्रिस्ताच्या तीन आगमनांची मांडणी केली. पहिले आगमन दुर्बल मानवी देहात झाले आणि अंतिम आगमन वैभवात होईल. या दोहोंच्या मधले आगमन माणसाच्या अंतःकरणात गुप्तपणे होत असते. या मांडणीमुळे आगमनकाळ भूतकाळाचे स्मरण किंवा भविष्याची कल्पना एवढ्यापुरता मर्यादित राहत नाही.

### आशा आणि नम्रता

तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आशेचा विषय भविष्यातील, कष्टसाध्य पण शक्य असे श्रेय असतो. जे सहज मिळणारे आहे त्याची आशा करावी लागत नाही आणि जे अशक्य आहे त्याची आशा करता येत नाही. आशेविरुद्ध दोन दोष संभवतात: एक निराशा आणि दुसरा फाजील आत्मविश्वास. निराश मनुष्य काही येणारच नाही असे गृहीत धरतो, तर फाजील आत्मविश्वास असलेला मनुष्य ते आपल्या हाती आलेच आहे असे समजतो. परिणामी दोघांचीही प्रतीक्षा थांबते. जर्मन विचारवंत योझेफ पीपर यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशेवरील ग्रंथात या विचाराचा विस्तार केला. आशा टिकण्यासाठी मनाचा मोठेपणा आणि नम्रता ही दोन्ही आवश्यक आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मोठेपणामुळे माणूस क्षुल्लक गोष्टींवर समाधान मानीत नाही आणि नम्रतेमुळे त्याला आपली मर्यादा विसरता येत नाही.

विसाव्या शतकात युर्गेन मोल्टमान यांच्या ‘आशेचे धर्मशास्त्र’ (१९६४) या ग्रंथाने आशेला ख्रिस्ती विचाराच्या केंद्रस्थानी आणले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांचे आशेवरील परिपत्रक ३० नोव्हेंबर २००७ रोजी, त्या वर्षीच्या आगमनकाळाच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध झाले.

### नम्रता की दीनावस्था?

मरियेच्या स्तोत्रातील ‘तापेइनोसिस’ या ग्रीक शब्दाचे लॅटिन भाषांतर ‘हुमिलितास’ असे झाले. त्यामुळे मरियेच्या नम्रता या सद्गुणाकडे परमेश्वराने पाहिले, असा अर्थ प्रचलित झाला. मार्टिन ल्यूथर यांनी १५२१ मध्ये पूर्ण केलेल्या या स्तोत्रावरील भाष्यात त्यास आक्षेप घेतला. मरिया स्वतःच्या सद्गुणाची प्रशंसा करीत नसून आपल्या नगण्य सामाजिक स्थितीचा उल्लेख करीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खऱ्या नम्र माणसाला आपण नम्र आहोत याची जाणीवच नसते आणि जाणीव होताच ती नम्रता गर्वात बदलते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. मरियेकडे पाहणाऱ्या परमेश्वराच्या कृपादृष्टीला ते मरियेच्या गुणापेक्षा अधिक महत्त्व देतात. हा भेद केवळ शब्दार्थाचा नाही. नम्रता हा मिळविण्याचा गुण मानावयाचा की दुर्बलांची प्रत्यक्ष परिस्थिती, या प्रश्नावर पुढील अनेक वाद अवलंबून आहेत.

## उपासना आणि लोकाचार

१७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत ‘ओ’ या संबोधनाने सुरू होणारी सात लघुगीते म्हटली जातात. त्यांत येणाऱ्याला ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उदयप्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल अशी नावे दिली आहेत. या नावांची लॅटिन आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचल्यास ‘एरो क्रास’ म्हणजे ‘उद्या मी असेन’ असे शब्द तयार होतात.

आगमनचक्राची आधुनिक प्रथा हांबुर्ग येथे सुरू झाली. ल्यूथरन धर्मोपदेशक योहान हिन्‍रिख विखर्न यांनी १८३३ मध्ये गरीब मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था स्थापन केली होती. नाताळ कधी येणार असे मुले वारंवार विचारीत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या आणि रोज एक पेटविण्याची पद्धत सुरू केली. पुढे सदाहरित फांद्यांचे चार मेणबत्त्यांचे चक्र घरोघरी आणि चर्चमध्ये रूढ झाले. कॅथलिक प्रथेत बहुधा तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावे दिली जातात.

प्रतीक्षेचे संगीतातील रूप योहान सेबास्टियन बाख यांच्या काळातील लाइपझिगमध्ये दिसते. तेथे पहिल्या रविवारी वाद्यवृंदासह कँटाटा गायिला जाई, मात्र दुसऱ्या रविवारपासून नाताळापर्यंत असे संगीत बंद ठेवले जाई. या मौनानंतर नाताळाच्या दिवशी पुन्हा वाद्ये वाजत.

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर या काळात ‘लास पोसादास’ हा लोकाचार पाळला जातो. मरिया आणि योसेफ यांची भूमिका करणारे लोक मिरवणुकीने दारोदार जाऊन आसरा मागतात, नकार घेतात आणि अखेर एका घरी त्यांचे स्वागत होते. फिलिपिन्समध्ये याच नऊ दिवसांत पहाटेच्या मिस्सा होतात. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभारला. त्यापासून प्रेरणा घेतलेल्या देखाव्यांत आगमनकाळभर गव्हाण रिकामी ठेवून नाताळच्या पूर्वरात्री त्यात बालमूर्ती ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत या नावाचा स्वतंत्र काळ नाही. तेथे १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवसांचा जन्मोत्सवपूर्व उपवास असतो. केरळमधील सायरो-मलबार परंपरेत डिसेंबरच्या आरंभापासून २५ दिवसांचा उपवास पाळतात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांतामुळे या परंपरेची उपासना महाराष्ट्रातील मलयाळी भाषकांतही चालू आहे.

## तुरुंगातील आगमनकाळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्लिनमधील टेगेल तुरुंगात लिहिले गेलेले लेखन आगमनकाळाच्या आधुनिक आकलनात महत्त्वाचे मानले जाते. ल्यूथरन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तुरुंगाच्या कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली. कैदी आशा करतो, काहीबाही करीत राहतो, परंतु दार बंद असते आणि ते केवळ बाहेरूनच उघडता येते, असा त्या तुलनेचा आशय आहे. हे लिहिणारे बोनहोफर निष्क्रिय नव्हते. हिटलरविरोधी गटाशी त्यांचा संबंध होता. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आली.

जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प हेही याच तुरुंगात होते. ८ डिसेंबर १९४४ रोजी, आगमनकाळातच, त्यांनी तुरुंगात आपली अंतिम व्रते घेतली. हातात बेड्या असताना त्यांनी आगमनकाळावरील चिंतने लिहिली आणि ती गुप्तपणे बाहेर पाठविण्यात आली. आगमनकाळ हा माणसाला हादरवून जागे करणारा काळ आहे, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. स्वतःच्या सामर्थ्यावरील खोटा भरवसा कोसळल्यावाचून खरी आशा सुरू होत नाही, असे त्यांनी मांडले. २ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनमधील प्लोत्झेन्झे येथे त्यांना फाशी देण्यात आली. या दोघांच्याही बाबतीत तुरुंगाचे दार सुटकेसाठी उघडले नाही. त्यामुळे त्यांच्या लेखनातील आशेला सुखद शेवटाचा आधार नाही आणि यातच तिचे वेगळेपण आहे.

## महाराष्ट्र आणि गोवा

मराठीत ‘आगमनकाळ’ ही संज्ञा विशेषतः कॅथलिक समाजात रूढ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने (१९६२–६५) लोकभाषांतील उपासनेला मोकळीक दिल्यानंतर वसईसारख्या भागांत या काळाची वाचने आणि प्रार्थना मराठीतून होऊ लागल्या.

मराठी साहित्यात तारणाऱ्याच्या प्रतीक्षेचा विषय त्यापूर्वी साडेतीनशे वर्षे आला होता. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. त्याच्या ३६ अवस्वरांच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा आणि तारणाऱ्याविषयीची अभिवचने येतात, तर ५९ अवस्वरांच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र येते. काव्याचा पहिला मोठा भाग अशा रीतीने प्रतीक्षेलाच वाहिलेला आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ही देशी रूपे ख्रिस्ती उपासनेत आणली. प्रभूच्या भेटीची आर्तता आणि स्वतःच्या लहानपणाची जाणीव यांसाठी अभंगाचा साचा मराठी वाचकांच्या परिचयाचा होता. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिले आणि ते लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले.

गोव्यात आगमनकाळाचे पहिले दिवस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणाशी जोडलेले आहेत. त्याआधी नऊ दिवस जुने गोवे येथे नोव्हेना होतात. ८ डिसेंबरला पणजी येथील निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चचा सण असतो. त्यामुळे गोव्यात हा काळ शांत प्रतीक्षेचा असतो तसाच गजबजलेल्या सणांचाही असतो.

## टीका आणि मतभेद

स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन आणि इंग्लंडमधील प्युरिटन सुधारकांनी बायबलमध्ये आज्ञा नसल्याच्या कारणावरून सणांचे वार्षिक चक्र नाकारले. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. अलीकडे अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी आगमनकाळ स्वीकारला आहे. दुसरी टीका बाजारपेठेविषयी आहे. नोव्हेंबरपासूनच नाताळची विक्री आणि गाणी सुरू होत असल्याने प्रतीक्षेचा काळ उत्सवातच विरघळून जातो, अशी तक्रार धर्मगुरू आणि अभ्यासक करीत असतात. रोज एक खिडकी उघडण्याच्या आगमन दिनदर्शिकेचा उगम एकोणिसाव्या शतकातील जर्मन ल्यूथरन कुटुंबांत झाला. आता ती चॉकलेट आणि सौंदर्यप्रसाधने विकण्याचे साधन झाली आहे.

अधिक मूलगामी आक्षेप नम्रतेच्या उपदेशाविषयी आहे. अमेरिकन अभ्यासक व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये लिहिलेल्या निबंधात गर्व हेच मूळ पाप मानणारी मांडणी पुरुषांच्या अनुभवावर आधारलेली असल्याचे दाखविले. अनेक स्त्रियांपुढील खरा धोका गर्वाचा नसून स्वत्व हरवून बसण्याचा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. आधीच वाकविलेल्या माणसाला आणखी वाकण्यास सांगणे अन्यायाचे आहे, असा या टीकेचा निष्कर्ष काढला जातो. पेरूचे गुस्तावो गुतिएरेस यांनी ‘मुक्तीचे धर्मशास्त्र’ (१९७१) या ग्रंथात मरियेच्या स्तोत्राचा राजकीय आशय अधोरेखित केला. भारतात १९८० च्या दशकापासून अरविंद निर्मल आदींनी विकसित केलेल्या दलित धर्मचिंतनात ख्रिस्ताची दीनावस्था ही परमेश्वर दलितांच्या बाजूने, त्यांच्यातीलच एक होऊन उभा राहिल्याची खूण मानली गेली.

या चर्चेमुळे आगमनकाळातील नम्रतेचा अर्थ अधिक काटेकोर झाला आहे. आजच्या अनेक भाष्यकारांच्या मते ही नम्रता बलवानांपुढे मान तुकविण्यास सांगत नाही, तर स्वतःला बलवान समजणाऱ्यांना खाली उतरण्यास सांगते. त्याचप्रमाणे प्रतीक्षा म्हणजे अन्याय सोशीत स्वस्थ बसणे नव्हे. योहानाने विचारणाऱ्यांना दिलेली उत्तरे आणि शेतकऱ्याचे पेरणीचे श्रम हे तिचे आवश्यक भाग आहेत. पाऊस आपल्या हाती नाही म्हणून शेतकरी शेत पडीक ठेवीत नाही आणि शेत नांगरले म्हणून पावसावर हक्कही सांगत नाही.